वसंता म्हात्रेची फौज

वसंता, तू गेल्याची बातमी मला ऑफिसात कळली. सलीमचा फोन आला, तुझ्या खोलीतल्या रत्नागिरीच्या सलीमचा. "साहेब, म्हात्रे गेला. गावालाच. रजा संपायला चार दिवस होते," एवढं बोलला, मग "खलास" म्हणाला. मी "अरे" म्हणालो, "कसं काय?" म्हणालो, हार्ट वगैरे जे काय ते ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि समोर पंपांची यादी होती ती तपासून पूर्ण केली. एकही चूक झाली नाही. हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाला पत्र लिहिताना लोक उगाच गळा काढतात, ते मला जमणार नाही, आणि तुला पटणारही नाही.

संध्याकाळी घरी आलो आणि काचेच्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसलो. तीन फळ्यांवर बोटभर शिपायांची फौज उभी होती. पायदळ, घोडदळ, दोन तोफा, तोफेचे बैल. बायकोने जेवायला हाक मारली, मी "आलो" म्हणालो आणि तिथेच बसून राहिलो. मग सई आली, बघून गेली आणि आईला आत जाऊन म्हणाली, "बाबा इज जस्ट स्टेअरिंग." पोरगी खरं तेच सांगत होती.

तू पहिल्यांदा भेटलास तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी चिडलेला होतो. फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर आमच्या कंपनीचं काम चाललं होतं आणि मी पंधरवड्यातून एकदा अबुधाबीहून तीन-साडेतीन तास गाडी हाणत यायचो. तुमचा सुपरवायझर म्हणाला होता, टाक्यांवर नंबर टाकायला अजून आठवडा लागेल. एका आकड्याला आठवडा? मी तरातरा बघायला गेलो. तू परांचीवर होतास. तुझ्याहून उंच असा चारचा आकडा, पत्र्याचा साचा नाही, काही नाही, नुसती खडूची दोरी मारलेली, आणि कड अशी की पट्टी लावून बघावी. मी इस्टिमेटर माणूस, कोणतं काम किती वेळात होतं हे सांगणं माझा धंदा. खाली उभा राहिलो आणि बघतच राहिलो.

तू उतरलास तेव्हा विचारलं, "कुठले?"

"पेण."

"मग गणपतीचं काम केलं असेल."

"सोळा वर्षं कारखान्यात. शेवटची नऊ आखणीला."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. अंगाला रंग पन्नास जण लावतात, सोवळ्याला, दागिन्यांना वेगळे हात, पण डोळ्यांना सगळ्या कारखान्यात एक-दोघंच बसतात, हे तू नंतर कधीतरी सांगितलंस. तेव्हा फक्त ब्रश पुसत उभा होतास. मी खिशातून तो शिपाई काढला. इंग्लंडहून पोस्टाने मागवलेला, पांढऱ्या धातूचा, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा उंच. त्याला मी स्वतः रंगवायचा प्रयत्न केला होता आणि त्याचं तोंड पान खाल्ल्यासारखं झालं होतं. तू तो तळहातावर घेतलास, उलटासुलटा केलास आणि ओरडलास, "आयला, ह्याला नाक हाय!"

मग मी तुला खेळ समजावला. की शुक्रवारी आम्ही सात-आठ जण ग्रॅहमच्या व्हिलात जमतो. ग्रॅहम म्हणजे आमचा फायर सेफ्टीचा कन्सल्टंट, लाल तोंडाचा, मनाने बरा. त्याच्याकडे मोठं टेबल आहे, त्यावर डोंगर, नदी, गाव असं मांडायचं, ज्याने त्याने आपापली फौज लावायची, टेप लावून इंच मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि फासे टाकून ठरवायचं कोण मेला. सगळ्यांच्या फौजा गोऱ्यांच्या. मला मराठ्यांची करायची होती. तू सगळं शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "म्हणजे सोंगट्या."

"सोंगट्याच, पण रंगवलेल्या."

"आणि किती माणसं हायत तुमची?"

"होतील दोनशे."

"मग साहेब, हे तुमच्याच्याने नाय व्हायचं."

पहिले सहा शिपाई दिले आणि पंधरा दिवसांनी घ्यायला आलो, तर काय बघतो! मराठ्यांचे पायदळाचे शिपाई पिवळ्याधमक पीतांबरात उभे. काठाला सोनेरी. अंगाला मोत्याची झाक. चेहरे गुलाबी, गाल तर विचारूच नका. मी डोक्याला हात लावला. "अरे वसंता, हे लढाईला निघालेत, मखरात बसायला नाही!" तू गोंधळून गेलास. तुला खरंच वाटत होतं की चांगलं काम म्हणजे असंच. नंतर मी पुस्तकं आणली, मळक्या बाराबंद्या दाखवल्या, घोड्यांचे रंग दाखवले, आणि तू पुन्हा कधी चुकला नाहीस. ते सहा जण मात्र मी धुऊ दिले नाहीत. एक अजून कपाटात मागे आहे. त्याला बघून मला दर वेळी हसू येतं, आजही आलं.

अस्तराला तू टाक्यांचा रेड ऑक्साइड लावायचास. मी म्हटलं, वसंता, ह्याला वेगळं प्रायमर मिळतं. तू म्हणालास, "धातू तो धातू. टाकी काय, शिपाई काय, गंज दोघांना." त्या पांढऱ्या धातूला गंज चढत नाही हे मी तुला सांगून थकलो. पण त्या तांबड्या अस्तरावर कातडीचा रंग असा जिवंत यायचा, उन्हात रापल्यासारखा, की पुढे मीच तोंड बंद ठेवलं. अंड्यांच्या ट्रेमध्ये कापूस घालून, प्रत्येक खळग्यात एक शिपाई ठेवून मी ते डोंगरातून अबुधाबीला न्यायचो. वळणावर ब्रेक लावतानाही एक हात ट्रेवर असायचा.

आपलं खरं भांडण डोळ्यांवरून होतं, आणि ते अर्धंच राहिलं. तू डोळे सगळ्यांत शेवटी करायचास, शुक्रवारी सकाळी, आंघोळ करून, खोलीतले सगळे बाहेर गेले की ट्रंकेवर शिपाई ओळीने मांडून. त्या वेळात कुणाशी बोलायचा नाहीस. मोहरीपेक्षा लहान जागा, आणि त्यात पापणी, बुबुळ, वर एक पांढरा ठिपका. पण नजर मात्र सगळ्यांची एकच. शांत, अर्धवट मिटलेली, समोरच्याला ये बाबा म्हणणारी. मी म्हणायचो, "वसंता, ही माणसं तलवार उपसून धावतायत. रागीट कर."

"कोणावर रागवलेत?"

"शत्रूवर!"

"शत्रू तर तुमच्या त्या साहेबाच्या कपाटात हाय."

"थट्टा नको."

"थट्टा नाय. मला रागाचे डोळे कुणी शिकवलेच नाय. आणि शिकवले असते तरी मी नसते केले. बघणाऱ्याला बरं वाटलं पायजे." मग थोडं थांबून, "तसंपण तुम्ही हरताच ना?"

हरायचो, हो. दर शुक्रवारी आपली फौज हरायची आणि दर खेपेला तू विचारायचास. "काय झालं?" "हरलो." "परत?" "परत." "साहेब, फौज चांगली हाय. तुम्हालाच खेळता येत नाय." सबंध आखातात मला तोंडावर असं बोलणारा तू एकटा.

आता पुढचं लिहायचं म्हणजे जिवावर येतंय. पण त्यासाठीच बसलोय.

पहिली चांगली तुकडी मी ग्रॅहमकडे नेली तेव्हा सगळे टेबल सोडून भोवती जमले. ग्रॅहमने एक स्वार डोळ्यांपाशी धरला, भिंग आणलं, आणि म्हणाला, "यू डिड दिस?" मी म्हणालो, "टेक्स टाइम." एवढंच. खोटं म्हणावं तर शब्दात कुठे खोटं नव्हतं, मी रंगवलं असं म्हणालो नव्हतो. पण बाकीच्यांनी जे समजायचं ते समजलं आणि मी ते समजू दिलं. त्या क्लबात मी एकटा देशी. खेळात हरणारा, त्यांचे विनोद अर्धे समजणारा. त्या दिवसापासून ते माझ्याशी वेगळं बोलायला लागले. ब्रश कोणता, रंग पातळ कसे करतोस. तू सांगितलेलं मी त्यांना सांगायचो. ते मला फार आवडलं, वसंता. इतकं आवडलं की आता लिहितानाही लाज वाटायच्या आधी तो आनंदच आठवला.

आणि नेमकं तेव्हाच तू म्हणालास, "साहेब, तळाला नाव टाकलंय. बारीक. चालेल ना?" मी शिपाई उलटा केला. नखाएवढ्या चकतीखाली मुंगीच्या अक्षरात: व. म्हात्रे, पेण. तू जरा लाजला होतास. "कारखान्यात मूर्तीला मालकाचं नाव लागायचं. आमचं कुठं लागत नव्हतं. इथं मालक कोण नाय, म्हटलं टाकून बघू."

मी म्हणालो, "चालेल की. चालेल काय, पायजेच!"

आणि घरी येऊन बाल्कनीत बसलो, काळ्या रंगाची डबी उघडली आणि एकेक तळ काळा केला. चाळीस शिपाई होते त्या खेपेला. त्या सगळ्या फौजेवर माझ्या हाताने झालेलं रंगकाम ते एवढंच. सई शेजारी उभी होती. "बट बाबा, दॅट्स म्हात्रेअंकल्स नेम. व्हाय आर यू हायडिंग इट?" मी म्हणालो, टेबलावर घासून नाव जाईल, म्हणून वरून रंग देतोय. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

दोन-तीन खेपा असंच चाललं. तू नाव टाकायचास, मी पुसायचो. मग एका शुक्रवारी एका स्वाराचा भाला मोडला. मी तो तसाच कापसात गुंडाळून तुझ्याकडे आणला. तळाचं माझ्या डोक्यातच नाही! गाडी टर्मिनलच्या फाटकातून बाहेर काढली आणि तेव्हा आठवलं. परत फिरावं का? काय सांगून परत मागणार होतो? गेलो तसाच अबुधाबीला.

ते पंधरा दिवस मी मनात काय काय जुळवलं! क्लबाचा नियम आहे, सगळ्यांचेच तळ काळे असतात, वगैरे. आलो तेव्हा तू जेवणाच्या शेडमध्ये होतास. कागदाची पुडी पुढे सरकवलीस. "भाला बसवलाय, आता नाय मोडायचा." मी स्वार उलटा केला. तळ गुळगुळीत, काळाभोर, आरशासारखा. तू चहाचा कप तोंडाला लावत म्हणालास, "खालचा काळा नीट लागला नव्हता. ब्रशचे ओरखडे दिसत होते. दुसरा हात मारलाय."

बस्स. पुढे विचारलंस, "चहा घेणार ना?" मी घेतला.

त्यानंतर तू दिलेल्या प्रत्येक शिपायाचा तळ काळाच आला. नाव नाही. माझं तेवढं काम वाचलं. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, बरं झालं, बोलायची वेळ आली नाही. तू शिवी दिली असतीस तर मी माफी मागितली असती. तू शिवी दिली नाहीस, म्हणून मी मागितली नाही. असला मी माणूस.

मग दुबईला हॉटेलच्या हॉलमध्ये अशा रंगवलेल्या फौजांचं प्रदर्शन झालं आणि आपल्या फौजेला पहिला कप मिळाला. परीक्षक म्हातारा होता, भिंग घेऊन दहा मिनिटं वाकला होता. डोळे कसे केले, विचारलं. आणि मी, वसंता, त्याला सांगितलं की मी डोळे शेवटी करतो, शुक्रवारी सकाळी, आंघोळ करून, आणि त्या वेळी घरात कुणाला बोलू देत नाही. नाव तर लाटलंच होतं, तुझी आंघोळसुद्धा सोडली नाही मी! ग्रॅहमने फोटो काढला. तुला कपाचं सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "फौजेला मिळाला? बरं झालं, हरून हरून कंटाळली असेल." आणि फोटोची एक कॉपी मागून घेतलीस. त्यात मी एकटाच आहे, कप छातीशी धरून.

त्यानंतर चार वर्षं आपण भेटत राहिलो. घोड्यांवर बोललो, तुझ्या गुडघ्यावर बोललो, तुझ्या थोरल्या मुलीच्या लग्नावर बोललो. दर वेळी गाडीत बसताना मी ठरवायचो, आज विषय काढायचा. आणि मसाफीचा घाट उतरला की म्हणायचो, जाऊ दे, तो विसरला असेल. ह्या वेळी रजेवर जाताना तू विचारलंस, "स्वार किती राहिले?" मी म्हणालो, बारा. "आल्यावर करू." बोलायला तेव्हा अर्धा तास होता आपल्याकडे. मी तो घोड्यांच्या शेपट्यांवर घालवला.

तू गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी फौज घेऊन ग्रॅहमकडे गेलो. मांडायच्या आधी उभा राहिलो आणि सांगितलं: ह्यातला एकही मी रंगवलेला नाही. वसंत म्हात्रे नावाच्या माणसाने रंगवलेत, तो फुजैराला टाक्या रंगवायचा, मागच्या आठवड्यात वारला, मी तुम्हाला इतकी वर्षं फसवलं.   ग्रॅहम म्हणाला, "वेल. ही वॉज ब्लडी गुड." एकाने विचारलं, आता तुटलेले कोण दुरुस्त करणार. आणि फासे पडायला लागले. मी रात्ररात्र ज्याला घाबरलो होतो ते अर्ध्या मिनिटात आटोपलं. मला राग आला, कुणाचा ते समजलं नाही.

घरी आलो आणि सलीमकडून पेणचा नंबर घेऊन वहिनींना फोन लावला. मी नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. "साहेब तुम्ही? तुमचा कपाचा फोटो हाय ना आमच्याकडे. टीव्हीवर ठेवलाय. हे सगळ्यांना दाखवायचे. बोलायचे, आमचे साहेब काय रंगवतात, बघा."

मी म्हणालो, "साहेब रंगवतात?"

"हो ना. आधी आधी बोलायचे मी रंगवतो. मग त्या फोटोच्या वर्षी आले तेव्हा पोरींना बसवून सांगितलं, नाय गं, साहेबच करतात सगळं. मी नुसतं मोडकं जोडून देतो."

वसंता, तुझ्या घरात, तुझ्या बायकोसमोर, जिथे मी कधी आलो नसतो, जिथलं मला कधी कळलंही नसतं, तिथेही तू दुसरा हात मारून ठेवला होतास.

मी म्हणालो, "वहिनी, नीट ऐका. मी एकही रंगवला नाही. सगळे त्यांनी. डोळेसुद्धा. मी त्यांचं नाव पुसलं आणि कप घेतला. चोरीच केली मी."

 मग त्या म्हणाल्या, "असं नका बोलू साहेब."

"खरं सांगतोय मी."

"तुमचं मन मोठं हाय. माणूस गेला म्हणून तुम्ही त्याला मोठं करायला बघता. पण साहेब, एकवीस वर्षं संसार केला, ते कधी खोटं बोलले नाय."

मी पुन्हा सांगितलं. तळाचं सांगितलं, भाल्याचं सांगितलं, आंघोळीचं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, हाताशी येईल तो पुरावा दिला. त्या सगळं ऐकत होत्या, मध्ये मध्ये "हो, हो" म्हणत होत्या, आपण रडणाऱ्या माणसाला म्हणतो तसं. आणि मी थांबलो की पुन्हा माझे आभार मानत होत्या.